ओळख, वशिला आणि हक्काचे काम

रोजगाराच्या प्रश्नाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा दोन टोकांनी होते. एका टोकाला नोकऱ्या किती निर्माण झाल्या याचा हिशेब मांडला जातो, तर दुसऱ्या टोकाला किती तरुणांनी प्रशिक्षण घेतले याचा. मात्र प्रशिक्षण घेतलेला माणूस कामाच्या जागेपर्यंत पोहोचतो कसा, त्याला तिथे कोण नेतो आणि नेण्याच्या बदल्यात त्याच्याकडून काय घेतो, हा मधला भाग दोन्ही हिशेबांतून निसटतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच मधला भाग आहे. तालुक्यातील किंवा शहरातील कारखानदार, प्रशिक्षण संस्था, शासकीय कार्यालये, कामगारांच्या संघटना आणि ग्रामपंचायत वा नगरपालिका यांनी, काम शोधणाऱ्याला काम आणि त्या कामाला लागणारे शिक्षण मिळावे म्हणून एकत्र बसून पत्करलेली जबाबदारी, असा ‘स्थानिक भागीदारी’ या संज्ञेचा अर्थ येथे घेतला आहे.

काम ओळखीने मिळते, हे विधान ऐकताच बहुतेकांच्या मनात वशिला हा शब्द उभा राहतो. तरीही या दोन शब्दांत फरक करणे आवश्यक आहे. एखाद्या माणसाच्या हाताची, सवयींची आणि भरवशाची दुसऱ्याला असलेली माहिती म्हणजे ओळख. हीच माहिती एखाद्याच्या मुठीत गेली आणि तो तिचे मोल वसूल करू लागला, म्हणजे तिचा वशिला होतो. कोणताही मालक अनोळखी माणसाच्या हाती यंत्र सहजासहजी देत नाही, म्हणून ओळखीवाचून रोजगार चालत नाही. प्रश्न इतकाच उरतो की ही ओळख कोणाच्या ताब्यात असावी. मुंबईच्या गिरण्यांपासून आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपर्यंतचा महाराष्ट्राचा अनुभव याच प्रश्नाभोवती फिरतो.

गिरणगावात ही ओळख जॉबरच्या हाती होती. जॉबर, ज्याला मुकादम असेही म्हणत, हा गिरणीतल्या खात्याचा देखरेख करणारा माणूस असे, परंतु त्याची खरी सत्ता गिरणीच्या दाराबाहेर सुरू होई. रत्नागिरीहून बोटीने किंवा साताऱ्याहून रेल्वेने उतरलेला तरुण आधी गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत नाव लावी आणि मग गावच्या किंवा नात्यातल्या कोणाच्या शब्दावर जॉबरपुढे उभा राही. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. जॉबर माणूस घेई, त्याला काम शिकवी, अडीनडीला पैसे देई, आणि या सगळ्याच्या बदल्यात दस्तुरी घेई. कामावर घेणे आणि काढून टाकणे या दोन्ही गोष्टी त्याच्या मर्जीवर असल्यामुळे दस्तुरी एकदा देऊन भागत नसे. भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि कामगार नेमण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असे सुचवले. त्यानंतर १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरता त्याच्या जागी घेतलेला माणूस. नव्या पद्धतीनुसार ठराविक लोकांना बदलीची कार्डे देण्यात येत, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहावे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भराव्यात, असे ठरले. दिसायला ही सुधारणा लहान होती. तरीही दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात प्रथमच एक कागद आला, आणि त्या कागदामुळे जॉबरच्या मर्जीवाचूनही त्याची कामाशी ओळख सिद्ध होऊ लागली.

जॉबर शोषक होता, हे इतिहासाने नोंदवले आहे आणि ते खरेच आहे. परंतु तो जी कामे करी ती सगळी शोषणाची नव्हती, हेही तितकेच ध्यानात ठेवायला हवे. नवख्याला यंत्रापाशी उभे करणे, पहिल्या महिन्यात त्याच्या चुका पोटात घालणे, त्याच्या राहण्याखाण्याची सोय लावणे, तो आजारी पडला तर गावी निरोप धाडणे, ही कामे कोणीतरी करावीच लागतात. जॉबरला हटवताना ही कामेही हटवली गेली, आणि त्यांच्या जागी आले ते कार्यालय.

सेवायोजन कार्यालय, ज्याला लोक आजही एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतात, त्याची व्यवस्था १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी सुरू झाली आणि १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणे सक्तीचे केले. मात्र जागा कळवणे सक्तीचे असले तरी कार्यालयाने पाठवलेला माणूसच घ्यावा, अशी सक्ती त्यात नव्हती. कार्यालयापाशी नोंदणी होती, अर्जदाराचे शिक्षण होते, जन्मतारीख होती, पण त्याच्या हाताची ओळख नव्हती. कार्ड नूतनीकरणासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या पिढ्यांची मोठी निराशा या उणिवेतून आली. आज ही नोंदणी संगणकावर गेली असली तरी उणीव तीच राहिली आहे, कारण पोर्टलवरील नोंद माणसाची पात्रता सांगते, त्याचा भरवसा सांगत नाही.

मुंबईच्या गोदीत आणि नंतर बाजारपेठांत मात्र वेगळा मार्ग सापडला. १९४८ च्या गोदी कामगारविषयक कायद्याने गोदीतल्या अनिश्चित कामाची नोंदणी करून ते मालक, कामगार आणि शासन अशा तिघांच्या मंडळाकडे सोपवण्याची वाट खुली केली. तिचा सर्वांत विस्तृत उपयोग महाराष्ट्राने केला तो १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीच्या कायद्यात, आणि या कायद्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेचे बळ होते. डोक्यावर ओझे वाहणारा हमाल कोणत्याही एका दुकानाचा नोकर नसतो. सकाळी तो एका व्यापाऱ्याचा माल उतरवतो आणि दुपारी दुसऱ्याचा. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, रजा, नुकसानभरपाई यांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला उत्तरच नव्हते. कायद्याने ते उत्तर असे काढले की कामगार टोळीने नोंदवावेत, व्यापाऱ्यांची नोंदणी व्हावी, मजुरी थेट टोळीच्या मुकादमाच्या हातात न देता मंडळाकडे भरावी आणि तिच्यावर लेव्ही म्हणून ठराविक टक्के रक्कम जास्त द्यावी, जेणेकरून मंडळ कामगाराला मजुरीसोबत निवृत्तीचे व आजारपणाचे संरक्षण देऊ शकेल. मंडळावर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, ही कायद्यातील तरतूद या व्यवस्थेचा कणा आहे. टोळी मोडली नाही, तिच्यातली परस्परांची ओळख मोडली नाही. तिच्यावरची मुकादमाची एकट्याची मालकी तेवढी गेली. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या पुढे उभ्या राहिल्या, हे नाकारण्याचे कारण नाही, आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. परंतु या विकृतीवरून मूळ व्यवस्थेचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल. असंघटित श्रमाला सामाजिक सुरक्षा देणारी इतकी पक्की स्थानिक भागीदारी भारतात फार थोडी आढळते.

या भागीदारीत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे शिक्षण. हमालाचा मुलगा हमालच व्हावा असे मंडळाने ठरवले नव्हते, पण त्याने दुसरे काही व्हावे यासाठी मंडळाजवळ साधनही नव्हते. काम आणि शिक्षण यांची गाठ बांधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात वेगळ्या दिशेने झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि त्यांची ‘कमवा व शिका’ ही योजना सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी बोलले जाते ते हे की भाऊरावांनी आयुष्याचा काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकण्यात आणि साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीत घालवला होता. लोखंड ओतणारा कारखाना, नांगर विकत घेणारा शेतकरी आणि शाळेत न पोहोचलेले त्याचे मूल, या तिघांना जवळून पाहिलेल्या माणसाने श्रम आणि विद्या यांचा संबंध जोडला, ही बाब योगायोगाची मानता येत नाही.

या विचाराचे अधिक तांत्रिक रूप पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे दिसते. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. पाबळ अवर्षणप्रवण भागातले, पाण्याची तूट असलेले गाव. शाळा सुटलेल्या मुलांनी एक वर्ष आश्रमात राहायचे आणि शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण आणि गृह व आरोग्य या चार क्षेत्रांतील कामे करत शिकायचे, अशी येथील ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेची रचना आहे. हे काम सरावाचे नसते. ते गावातल्या कोणाला तरी हवे असलेले, त्याने पैसे मोजून करून घेतलेले काम असते. विहीर कुठे घ्यावी हे विचारणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात जमिनीचा विद्युतरोध मोजायला मुले जात, तेव्हा खुंट्या ठोकणे, तारा जोडणे आणि आकडे वहीत उतरवणे यातून विजेचा नियम, भूस्तरांची माहिती आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत ही तिन्ही एकाच दुपारी शिकून होत असत. अंदाज चुकला तर शेतकऱ्याचे पैसे मातीत जाणार, ही जाणीव कोणत्याही परीक्षेपेक्षा कडक होती. पुढे याच धर्तीवर ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय माध्यमिक शाळांत पोहोचला आणि तो शिकवायला गावातलेच कारागीर निदेशक म्हणून बोलावण्यात आले. वेल्डिंगचे दुकान चालवणारा माणूस आठवड्यातून एक दिवस शाळेत येतो, तेव्हा शाळेला त्याची आणि त्याला शाळेतल्या मुलांची ओळख होते. दहावीनंतर त्यातले एखादे मूल त्याच्या दुकानात कामाला लागले, तर त्यात वशिला नसतो, कारण त्या मुलाचा हात त्याने वर्गातल्या सगळ्यांसमोर पाहिलेला असतो.

पाबळचा प्रयोग लहान आहे, म्हणून तो राज्यभर कसा न्यावा हा प्रश्न अपरिहार्य ठरतो आणि त्याचे उत्तर बहुतांशी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे, म्हणजे आयटीआयकडे जाते. भारत सरकारच्या १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून या संस्था उभ्या राहिल्या. जोडारी, म्हणजे फिटरचा दोन वर्षांचा व्यवसाय घेतलेल्या प्रशिक्षणार्थीची सुरुवात आजही लोखंडी ठोकळा पकडीत धरून कानशीने घासण्यापासून होते; ठोकळ्याच्या कडा काटकोनात आल्या की नाही हे गुण्याने पाहायचे, व्हर्निअर कॅलिपरने माप घ्यायचे, चुकले तर पुन्हा घासायचे. हाताला मापाची सवय लावणारे हे शिक्षण जुने असले तरी टाकाऊ नाही. अडचण पुढे येते. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणी करणाऱ्या यंत्रावर गेलेला असतो आणि संस्थेच्या कार्यशाळेत लेथ जुनाच असतो. शिल्पनिदेशकाला नवे यंत्र माहीत नसते, कारखानदाराला शिल्पनिदेशक माहीत नसतो, आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला मुलगा मात्र दोघांच्या अज्ञानाची किंमत मोजतो.

ही दरी बुजवण्यासाठी २००७-०८ मध्ये केंद्र शासनाने देशातील १,३९६ शासकीय संस्थांसाठी सार्वजनिक-खाजगी भागीदारीची योजना आणली. तिच्यात प्रत्येक संस्थेला एक उद्योग भागीदार जोडून देण्यात आला, त्याच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती नोंदवण्यात आली आणि समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळाले, ज्याची परतफेड पहिली दहा वर्षे सोडून पुढे हप्त्यांनी करायची होती. समितीवर उद्योगाचे प्रतिनिधी, प्राचार्य, जिल्हा रोजगार अधिकारी, शिक्षण क्षेत्रातील एक व्यक्ती, एक शिक्षक आणि प्रशिक्षणार्थींचा एक प्रतिनिधी यांना स्थान देण्यात आले. कागदावर ही रचना उत्तम होती. जेथे उद्योग भागीदार खरोखर त्याच परिसरातला होता, स्वतःच्या कारखान्यातला फोरमन संस्थेत पाठवत होता आणि संस्थेच्या निदेशकाला आठवडाभर आपल्या कारखान्यात उभे करत होता, तेथे तिने चांगले काम केले. परंतु अनेक ठिकाणी भागीदार नावापुरता राहिला, बैठका कोरमपुरत्या झाल्या आणि कर्जाची रक्कम यंत्रांत उतरण्याऐवजी बँकेतल्या मुदत ठेवीत पडून राहिली. पैसे वाया गेले नाहीत, कोणी खाल्ले नाहीत, पण ते कामालाही आले नाहीत. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने हाही मोठाच तोटा आहे. या समित्यांची खरी उणीव रचनेतच होती असे म्हणावे लागते: माथाडी मंडळात कामगार मालकाच्या बरोबरीने बसतो, तर येथे शिकणाऱ्याच्या बाजूने एकच माणूस बसतो आणि तोही शिकून निघून जाणारा.

शिकाऊ उमेदवारीच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कारखान्यातच, ठराविक मुदतीसाठी, विद्यावेतन घेऊन काम करत शिकणे. १९६१ च्या कायद्याने तिला आधार दिला, आणि २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, केंद्र शासन उचलते. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, जिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना मिळतात. पैशाची बाजू अशा रीतीने बरीच सांभाळली गेली आहे. सांभाळले गेले नाही ते शिकण्याचे. उमेदवाराला वर्षभर एकाच यंत्राशी किंवा कार्यालयातल्या एकाच नोंदवहीशी उभे केले, तर तो काय शिकला हे तपासणारा स्थानिक पातळीवर कोणी नसतो. मुदत संपली की तो जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. असे घडते तेथे शिकाऊ उमेदवारी आणि गिरणीतली जुनी बदली यांच्यात फरक कमीच उरतो.

या संदर्भात जर्मनीच्या दुहेरी प्रशिक्षणाचे नाव वारंवार घेतले जाते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केल्यापासून ते अधिकच घेतले जाऊ लागले आहे. तेथे उमेदवार आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, एवढे बहुतेकांना माहीत असते. त्याहून महत्त्वाचे असे की तेथे परीक्षा स्थानिक उद्योग मंडळ घेते आणि परीक्षक समितीत मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसंख्येने, सोबत शिक्षक, अशी कायद्याची सक्ती आहे. उमेदवाराच्या हाताची परीक्षा मालक आणि कामगार यांनी मिळून घ्यायची, ही त्या पद्धतीची खरी ताकद आहे. महाराष्ट्राने जर्मन भाषेच्या वर्गांबरोबर ही गोष्टही आणली असती तर बरे झाले असते.

सर्वांत शेवटी उरतो तो नाक्यावरचा कामगार, ज्याच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. पुण्यात मजूर अड्डा आणि मुंबईत नाका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी सकाळी माणसे उभी असतात. गवंड्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावत असतो, रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो, सुताराच्या खांद्यावर करवत. हातातले अवजार हेच त्यांचे प्रमाणपत्र, कारण दुसरे कोणी त्यांना दिलेलेच नसते. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला आणि त्यातून कल्याणकारी मंडळाकडे मोठा निधी जमा झाला, परंतु मंडळात नोंद होण्यासाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला ठेकेदाराने किंवा ग्रामसेवकाने वा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने द्यायचा असतो. रोज नवा मालक असलेल्या माणसाला ९० दिवसांचा एक मालक कुठून आणावा हे कळत नाही, आणि त्याच्या या अडचणीवर दाखले मिळवून देणारे दलाल पोसले जातात. दस्तुरीचे नाव बदलले, एवढेच.

यावर उपाय अवघड नाही. नाका ज्या नगरपालिकेच्या हद्दीत आहे तिने नाक्यावर एक नोंद कक्ष ठेवावा, बांधकाम कामगारांच्या संघटनेने त्यात आपला माणूस बसवावा, घर किंवा इमारत बांधणाऱ्याने तेथे नोंद करून माणूस न्यावा आणि संध्याकाळी त्या दिवसाची नोंद कामगाराच्या पुस्तकात पडावी, म्हणजे ९० दिवसांचा दाखला कोणाच्या दारात न जाता आपोआप तयार होईल. त्याच कक्षात जवळच्या आयटीआयच्या शिल्पनिदेशकाने महिन्यातून काही दिवस येऊन कामगाराच्या हाताची पाहणी करावी आणि ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ या नावाने आधीच अस्तित्वात असलेल्या पद्धतीने, म्हणजे वर्गात न बसता कामातून मिळवलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देणाऱ्या पद्धतीने, त्याला कागद द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी उपलब्ध आहे आणि संस्था जागच्या जागी उभ्या आहेत.

एवढेच हवे की या कामासाठी एक माणूस पगारावर नेमला जावा, ज्याचे काम फक्त मुलाला कारखान्यापर्यंत आणि कामगाराला मंडळापर्यंत नेणे आणि नेल्यावर सहा महिने त्याची चौकशी करत राहणे हेच असेल. जॉबर जे फायद्यासाठी करी, ते या माणसाने जबाबदारी म्हणून करायचे आणि त्याचा हिशेब कामगार व मालक यांच्या समसमान समितीपुढे द्यायचा. आज व्यवस्थापन समितीवर उद्योजक, अधिकारी आणि शिक्षक सन्मानाने बसतात; पण धावपळ कोणी करायची हे कोठेच लिहिलेले नाही, आणि जे लिहिलेले नाही ते कोणी करत नाही.

श्रोत्यांपैकी जे कारखानदार आहेत, जे प्राचार्य आहेत, जे नगरपालिकेत किंवा संघटनेत काम करतात, त्यांच्यापुढे म्हणूनच एक साधी मागणी ठेवावीशी वाटते. येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक आयटीआयच्या दर्शनी भागातील सूचनाफलकावर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: गेल्या वर्षी परिसरातील कोणत्या आस्थापनांनी किती शिकाऊ उमेदवार घेतले, त्यांना महिना प्रत्यक्षात किती विद्यावेतन हाती पडले, आणि त्यांच्यापैकी किती जण वर्षानंतर कामावर आहेत. फलक रोज मुले वाचतात, त्यांचे आईवडील वाचतात आणि येणारेजाणारे वाचतात. तो लिहायला एक खडू पुरतो.